एसयूव्ही की सातसीटर? पेट्रोलचा हिशेब स्वतः कसा मांडायचा

सातसीटर गाडी लांब, म्हणून तिचं ॲव्हरेज कमी. हे आपल्याकडे इतकं पक्कं धरलं जातं, की घरात सात माणसं असूनही लोक पाच जणांची एसयूव्ही घेऊन मोकळे होतात. हा समज तपासायला बाजारात एक आयती जोडी आहे. मारुतीची ब्रेझा ही एसयूव्ही आणि एर्टिगा ही तीन रांगांची फॅमिली गाडी, म्हणजेच एमपीव्ही. दोन्हींत तेच १४६२ सीसीचं के१५सी पेट्रोल इंजिन. २०२२ मध्ये दोन्ही नव्या रूपात आल्या, तेव्हा मॅन्युअल गिअरच्या एर्टिगाचा जाहीर आकडा लिटरला २०.५१ किलोमीटर होता. ब्रेझाच्या खालच्या मॉडेलांचा २०.१५ आणि वरच्या मॉडेलांचा १९.८९. म्हणजे ४० सेंटिमीटर लांब असलेली, दोन सीट जास्त असलेली गाडी थोडी का होईना, पुढेच.

असं कसं, हे पुढे बघू. पण एवढ्यावर ‘सातसीटरच घ्या’ असंही म्हणता येत नाही. कारण छापील आकडा तुमच्या रस्त्यावरचा नसतो, आणि सात सीटची गाडी रोज एकटाच माणूस चालवत असेल तर गणित पुन्हा फिरतं. म्हणून हा हिशेब स्वतःच मांडावा लागतो. त्याला लागतं काय, तर एक वही, पंपावर थोडा खमकेपणा आणि भागाकार.

छापील आकडा कुठून येतो

ब्रोशरवरच्या आकड्याला लोक सरळ ‘एआरएआय मायलेज’ म्हणतात. एआरएआय म्हणजे ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया. पुण्यात वेताळ टेकडीच्या अंगाला असलेली ही संस्था १९६६ साली सुरू झाली. गाड्यांच्या अधिकृत चाचण्या करणाऱ्या देशातल्या संस्थांपैकी ही एक. चाचणी रस्त्यावर होत नाही. गाडी रोलरवर उभी करतात, समोरच्या पडद्यावर वेगाचा आलेख सरकत असतो आणि चालक त्याबरहुकूम वेग वाढवतो, कमी करतो, थांबतो. सगळा प्रकार जेमतेम वीस मिनिटांचा आणि दहा-अकरा किलोमीटरचा. वेगाची कमाल मर्यादा ताशी ९० किलोमीटर, आणि तीही थोडाच वेळ. एसी बंद. सात माणसं नाहीत, गणपतीचं सामान नाही, कशेडी घाट नाही.

म्हणून हा आकडा खोटा ठरत नाही. तो फक्त एकाच कामाचा आहे: एकाच इंधनावरच्या दोन गाड्यांत तुलनेने कोण पुढे, हे बघण्यापुरता. ‘कंपनी वीस सांगते आणि गाडी तेरा देते’ ही तक्रार शहरात राहणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची असते, मग गाडी एसयूव्ही असो की एमपीव्ही.

पहिली पायरी: लिटरला किलोमीटर सोडा, शंभर किलोमीटरला लिटर धरा

आपण ॲव्हरेज ‘लिटरला इतके किलोमीटर’ असं मोजतो आणि तिथेच फसतो. समजा, वर्षाला १२,००० किलोमीटर गाडी फिरते. ८ देणारी गाडी बदलून १० देणारी घेतली, तर पेट्रोल १,५०० लिटरवरून १,२०० वर येतं, म्हणजे ३०० लिटर वाचतात. १८ देणारी बदलून २० देणारी घेतली, तर ६६७ वरून ६००, म्हणजे फक्त ६७ लिटर. दोन्हीकडे फरक ‘दोनचाच’, पण खिशात उरणारे पैसे चौपटीहून जास्त वेगळे. जड एसयूव्ही आणि जड एमपीव्ही यांच्यातला एक-दोन किलोमीटरचा फरक म्हणूनच गंभीरपणे घ्यावा. हलक्या गाड्यांमधल्या तेवढ्याच फरकासाठी घरात भांडण नको.

म्हणून १०० ला ॲव्हरेजने भागा. लिटरला २० म्हणजे शंभर किलोमीटरला ५ लिटर. १२.५ म्हणजे ८ लिटर. १० म्हणजे १० लिटर. आता वरच्या जोडीकडे बघा: एर्टिगा ४.८८ लिटर, ब्रेझाचं वरचं मॉडेल ५.०३. वर्षाच्या १२,००० किलोमीटरला फरक १८ लिटरचा. लिटरला १०५ रुपये धरले तर वर्षाचे १,९०० रुपये. एवढ्यासाठी गाडीचा आकार ठरवू नये.

याच पट्टीने आणखी दोन जोड्या मोजून बघा, म्हणजे तेल खरं कशात जातं ते दिसेल. मारुतीच्याच ग्रँड विटारात तेच १४६२ सीसीचं इंजिन आहे. मॅन्युअल गिअर आणि फक्त पुढची चाकं ओढणारं मॉडेल २१.११, चारही चाकांना ताकद देणारं १९.३८. हेही २०२२ चेच आकडे. वर्षाला फरक ५१ लिटर. म्हणजे शोरूममध्ये ‘असू दे, कधीतरी लागेल’ म्हणून घेतलेली फोर-व्हील ड्राइव्ह, एसयूव्ही की एमपीव्ही या फरकापेक्षा जवळजवळ तिपटीने महाग पडते. आणि टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस घ्या. गाडी तीच, दोन लिटरचं इंजिन. साध्या पेट्रोलवर जाहीर आकडा १६.१३, हायब्रीडवर, म्हणजे पेट्रोल इंजिनाच्या जोडीला बॅटरीवरची मोटर असेल तर, २३.२४. वर्षाला २२८ लिटरचा फरक.

१८, ५१, २२८. आकार, चारही चाकं, इंजिनाचा प्रकार. माझ्या मते गाडी निवडताना या आकड्यांचा क्रम डोक्यात ठेवला, तर अर्धा गोंधळ तिथेच मिटतो.

तेल नेमकं कुठे जातं

शहरात तेल खातं ते वजन. सिग्नलला थांबलेली गाडी पुन्हा ४० च्या वेगाला आणायची, की पुढच्या चौकात ब्रेक मारून ती सगळी मेहनत उष्णता म्हणून घालवायची. कर्वे रोडवर हे दर तीनशे मीटरला होतं. गाडी जितकी जड तितकी प्रत्येक उचल महाग. हायब्रीड गाडी यातली काही ऊर्जा ब्रेक मारताना बॅटरीत परत भरते, म्हणून तिचा खरा फायदा शहरात दिसतो. मोकळ्या हायवेवर एकसारख्या वेगाने जाताना तो बराच आटतो.

हायवेवर वजनापेक्षा गाडीचं तोंड महत्त्वाचं. हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो: ८० ऐवजी १०० ने गेलात तर ५६ टक्के जास्त, १२० ने गेलात तर सव्वादोन पट. समृद्धी महामार्गावर सपाटीला १२० ची परवानगी आहे, पण त्या वेगाने नागपूर गाठणाऱ्याने ॲव्हरेजबद्दल गाडीला बोल लावू नये. उंच, चौकोनी, सपाट नाकाच्या एसयूव्हीला हा फटका जास्त बसतो. एमपीव्हीची लांबी इथे उलट उपयोगी पडते, कारण मागे लांबत जाणाऱ्या छपरावरून हवा जरा सुरळीत सुटते. ब्रेझा १७९० मिलिमीटर रुंद, एर्टिगा १७३५. उंची जवळपास सारखी. म्हणजे हवेला भिडणारं तोंड एर्टिगाचंच लहान.

मग टायर. एर्टिगाला १८५/६५ आर१५ टायर आणि ब्रेझाला २१५/६० आर१६. रुंद टायर रुबाबदार दिसतो, पण तो जास्त जड असतो, आणि हवेलाही जास्त आडवा येतो. लोक वरून आणखी रुंद टायर बसवतात आणि मग म्हणतात, सर्व्हिसिंगनंतर ॲव्हरेज पडलं.

घाटाचं गणित तर कागदावर करता येतं, आणि ते करण्यासारखं आहे. खोपोलीहून लोणावळ्याला साधारण ५५० मीटर चढावं लागतं. माणसं आणि सामान धरून १,७०० किलो वजनाची गाडी एवढी वर उचलायला सुमारे ९ मेगाज्यूल ऊर्जा लागते. एका लिटर पेट्रोलात सुमारे ३२ मेगाज्यूल असतात, पण इंजिन त्यातली पंचवीस-तीस टक्केच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे आठ-नऊ. थोडक्यात, बोरघाट चढताना नुसत्या उंचीपोटी सुमारे एक लिटर पेट्रोल जातं. रस्त्याचं अंतर कापायला लागतं ते वेगळंच. भरून २,३०० किलो होणारी, शिडीसारख्या चासीवरची मोठी गाडी असेल, तर ते एक लिटर १.३ वर जातं. आणि हे फक्त एसयूव्हीचंच लक्षण नाही बरं का. स्कॉर्पिओ-एन त्या जातीची आहे, तशी इनोव्हा क्रिस्टाही आहे. ‘एमपीव्ही म्हणजे हलकी’ हे सरसकट खरं नाही.

यातून मोजणीचा एक नियम निघतो: एकमार्गी प्रवासावरून ॲव्हरेज कधीही सांगू नये. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटरवर, मुंबई समुद्राला टेकलेली. पुण्याहून मुंबईला जाताना जो आकडा येतो तो व्हॉट्सॲपवर टाकायला छान असतो. परतीचा आकडा कुणी टाकत नाही.

राहिला एसी. दीड लिटरचं इंजिन एसी चालू ठेवून उभं राहिलं, तर तासाला साधारण लिटरभर पेट्रोल जातं आणि किलोमीटर शून्य. तीन रांगांच्या गाडीत थंड करायची जागा मोठी, मागे वेगळा ब्लोअर. एप्रिल-मे महिन्यांत उन्हात तापलेली एमपीव्ही गार व्हायला जास्त वेळ घेते, आणि रोजचा प्रवास पाच-सात किलोमीटरचाच असेल, तर हा फरक ॲव्हरेजमध्ये दिसतो.

दुसरी पायरी: जोडी जुळवून घ्या

तुलना सारख्याची सारख्याशी. डिझेल इनोव्हा क्रिस्टा आणि पेट्रोल क्रेटा यांची लिटरला लिटर तुलना निरर्थक आहे. डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहा-बारा टक्के जास्त ऊर्जा असते आणि इंजिनही ती जास्त चांगली वापरतं. सीएनजी तर किलोने मिळतो. एर्टिगाचा सीएनजीवरचा जाहीर आकडा किलोला २६.११ आणि ब्रेझाचा २५.५१, हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवता येतात, पेट्रोलच्या आकड्याशेजारी नाही. इंधन वेगळं असेल तिथे तुलना एकाच मापात करायची: किलोमीटरला किती रुपये.

इंधन एक झालं की गिअरबॉक्स बघा. मॅन्युअलशी मॅन्युअल, ऑटोमॅटिकशी ऑटोमॅटिक. मग जमेल तर इंजिन. किआची सेल्टोस आणि कारेन्स यांतही अशी एकाच इंजिनाची जोडी जुळते. एकाच कंपनीच्या एसयूव्हीत आणि एमपीव्हीत तेच इंजिन असेल, तर तुलना सगळ्यात स्वच्छ होते.

आणखी एक बारकावा. काकांच्या जुन्या इनोव्हाचं किंवा शेजाऱ्यांच्या दहा वर्षांपूर्वीच्या एसयूव्हीचं ॲव्हरेज आजच्या गाडीशी ताडून बघू नका. तेव्हाचं पेट्रोल वेगळं होतं. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं मिश्रण मिळतं, आणि इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी ऊर्जा असते. शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत मिश्रणाची ऊर्जाच सहा-सात टक्क्यांनी कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या इथेनॉल आराखड्यातही १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या जुन्या चारचाकींच्या कार्यक्षमतेत सहा-सात टक्के घट धरली आहे. दोन गाड्या मोजायच्या तर दोन्ही आजच्या, एकाच पंपावरच्या पेट्रोलवर मोजाव्यात.

तिसरी पायरी: स्वतःचं वर्ष कागदावर उतरवा

गाडी बघायला जाण्याआधी हे करा. वर्षभराचे किलोमीटर तीन खणांत वाटा. पहिला खण शहरातला, रोजचा, एक-दोन माणसांचा. दुसरा हायवेचा, चार-पाच जणांचा. तिसरा अख्ख्या कुटुंबाचा, म्हणजे गणपतीला गावी, दिवाळीला मामाकडे, लग्नसराई, कुलदैवत. सध्याच्या गाडीचं मीटर आणि फास्टॅगचे मेसेज चाळले, तरी अंदाज येतो.

बहुतेकांना इथे एक गोष्ट खटकते: तिसरा खण वाटतो त्यापेक्षा फार लहान निघतो. कोथरूडहून हिंजवडीला रोज जाणाऱ्याचे आठ-नऊ हजार किलोमीटर नुसते कामावर जाण्यात संपतात, आणि त्यात मागच्या दोन रांगा रिकाम्या असतात. हे कुणी शोरूममध्ये सांगत नाही. तिथे पोस्टरवर सगळं कुटुंब हसत बसलेलं असतं.

चौथी पायरी: टाकी फुल्ल ते टाकी फुल्ल

डॅशबोर्डवर ॲव्हरेज दिसतंच, मग वही कशाला? कारण तो आकडा इंजिनात गेलेल्या इंधनाचा हिशेब लावून काढलेला असतो, आणि तो बऱ्याचदा गाडीची थोडी बाजू घेतो. दोन वेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांची डॅशबोर्डवरून तुलना करणं म्हणजे दोन दुकानांतल्या न तपासलेल्या तराजूंवर भाव ठरवणं. आपला तराजू पंपाचं मीटर.

एक पंप ठरवा आणि त्यावरचं एकच मशीन. गाडी दर वेळी त्याच बाजूने, सपाट जागी उभी करा. गर्दी नसेल अशी सकाळची वेळ बरी. शून्य बघा. ‘टाकी फुल्ल’ सांगा आणि नोझल पहिल्यांदा आपोआप बंद झालं की तिथेच थांबवा. ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ याला ठाम नाही म्हणायचं. वरून दाबून भरलेलं अर्धा-एक लिटर हिशेब बिघडवतं, आणि आजच्या गाड्यांत पेट्रोलची वाफ धरून ठेवणाऱ्या डब्यात पेट्रोल शिरून तो खराब होतो ते वेगळंच. ट्रिप मीटर शून्य करा, पावती वहीत चिकटवा.

आता गाडी नेहमीसारखी चालवा. पाऊण टाकी तरी रिकामी होऊ द्या. कारण सोपं आहे: टाकी भरण्यात अर्ध्या लिटरची चूक होतेच. दहा लिटर भरलेत तर ती पाच टक्के, चाळीस भरलेत तर सव्वा टक्का. एर्टिगाची टाकी ४५ लिटरची, ब्रेझाची ४८. दोन्हींत पस्तीस-चाळीस लिटरपर्यंत थांबता येतं. पुन्हा त्याच मशीनवर, त्याच पद्धतीने फुल्ल करा. दुसऱ्यांदा भरलेले लिटर हेच वापरलेलं पेट्रोल. पहिल्या वेळचे लिटर हिशेबात धरायचे नाहीत. हा गोंधळ फार जण करतात.

तीन टाक्या झाल्या की सगळे किलोमीटर एकत्र, सगळे लिटर एकत्र, आणि मग भागाकार. प्रत्येक टाकीचं ॲव्हरेज काढून त्यांची सरासरी काढू नका. ३०० किलोमीटर हायवेला १८ ने आणि ३०० शहरात १० ने झाले, तर सरासरी १४ नाही, १२.८६ येते. कारण हायवेला १६.७ लिटर गेले आणि शहरात ३०.

पंपाच्या मापाबद्दल शंका असेल तर तिथलं पाच लिटरचं शिक्क्याचं माप मागा. वैधमापन विभागाने प्रमाणित केलेलं हे माप पंपावर असावंच लागतं, आणि गिऱ्हाईकाला त्यात पेट्रोल मोजून मागता येतं. किलोमीटरची शंका असेल, विशेषतः टायरचा आकार बदलला असेल, तर हायवेच्या किलोमीटरच्या दगडांशी किंवा फोनच्या जीपीएसशी पन्नास किलोमीटर ताडून बघा. मोठ्या व्यासाचा टायर लावला की मीटर कमी किलोमीटर दाखवतं आणि ॲव्हरेज उगाच पडल्यासारखं वाटतं.

सीएनजीला ही पद्धत तशीच चालत नाही. पंपावरचा दाब आणि तापमान यांनुसार सिलिंडर कधी जास्त भरतो, कधी कमी. म्हणून एका भरण्यावर विसंबू नका. महिनाभराचे किलो आणि किलोमीटर एकत्र करा. एर्टिगा सीएनजीत सिलिंडर डिकीत असतो, हेही ध्यानात ठेवा. सात माणसं बसली की बॅगा छपरावरच्या कॅरियरवर जातात, आणि कॅरियर भरला की हायवेवर ॲव्हरेज पडलंच.

पाचवी पायरी: दोन गाड्या समोरासमोर

गाडी अजून घ्यायची आहे, मग मोजणार कशी? शोरूमच्या पाच-सात किलोमीटरच्या टेस्ट ड्राइव्हवरून काहीही कळत नाही. दोन मार्ग आहेत. एक, सेल्फ-ड्राइव्ह भाड्याने गाडी घेऊन शनिवार-रविवार फिरणं. लाखांच्या खरेदीआधी हा खर्च वाया जात नाही. दुसरा, आणि माझ्या मते उत्तम, ज्या नातेवाइकांकडे किंवा मित्रांकडे त्या दोन गाड्या आहेत त्यांची एकत्र सहल काढणं.

अशा वेळी पुणे-कोल्हापूर-पुणे चांगलं. साडेचारशे किलोमीटरच्या आसपास अंतर, वाटेत खंबाटकी घाट, आणि जाऊन-येऊन असल्यामुळे चढ-उतार फिटतो. दोन्ही गाड्या एकाच पंपावर फुल्ल करा. निघण्याआधी थंड टायरमध्ये हवा तपासा, आणि ती दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे भरा. पूर्ण भरलेल्या गाडीला मागच्या टायरचा आकडा बऱ्याचदा वेगळा लिहिलेला असतो. एसी दोन्हीकडे चालू, एकाच तापमानाला. वेग ठरवून घ्या, ८० किंवा ९०. कोल्हापूरला पोचल्यावर चालक बदला. हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण दोन चालकांतला फरक दोन गाड्यांतल्या फरकाहून सहज मोठा असतो. पुढच्या गाडीच्या शेपटाला चिकटून चालवू नका. ते धोक्याचं आहेच, शिवाय मागच्याला हवेचा आडोसा मिळून त्याचं ॲव्हरेज फुगतं.

वजनही सारखं हवं. एसयूव्हीत दोन जण आणि एमपीव्हीत सात जण बसवून ‘बघा, एमपीव्ही जास्त पिते’ म्हणणं सोपं आहे. पहिल्यांदा दोन्हीकडे चार-चार माणसं घ्या. सात जणांची मोजणी वेगळी करा.

आणि घाट उतरताना न्यूट्रल नको. आजच्या इंजेक्शनच्या गाडीत गिअर तसाच ठेवून ॲक्सिलरेटरवरून पाय काढला, की इंजिनाचं पेट्रोल तोडलं जातं. न्यूट्रल केलं की इंजिन चालू राहण्यासाठी पेट्रोल पीत राहतं, आणि सगळा भार ब्रेकवर येतो. पैसेही जातात आणि ब्रेकही तापतात.

सहावी पायरी: माणसांनी भागा

आता वही आणि तिसऱ्या पायरीतले तीन खण एकत्र आणा. उदाहरणासाठी सोपे आकडे धरू. तुमचे तुम्ही घाला. छोटी एसयूव्ही शहरात १२ आणि हायवेला १८ देते. एमपीव्ही शहरात ११.५, हायवेला १८, आणि सात माणसं बसल्यावर १६. शहरातले ९,००० किलोमीटर, हायवेचे चार-पाच जणांचे १,५००, सात जणांचे १,५००.

शहरात एसयूव्हीला ७५० लिटर, एमपीव्हीला ७८३. हायवेच्या दुसऱ्या खणात दोघींना ८३-८३. तिसऱ्या खणात एमपीव्हीला ९४. एसयूव्हीत मात्र सात माणसं मावत नाहीत, म्हणून दुसरी गाडी निघते: भावाची, मेहुण्याची, नाहीतर भाड्याची. म्हणजे ३,००० किलोमीटर आणि १६७ लिटर. बेरीज केली तर एसयूव्ही १,००० लिटर, एमपीव्ही ९६०. जी गाडी रोज थोडं जास्त पिते तीच वर्षाअखेर ४० लिटरने पुढे. शिवाय टोल एकदाच आणि चालकही एकच.

पण हाच तिसरा खण १,५०० ऐवजी ५०० किलोमीटरचा करून बघा. एमपीव्हीची तिथली बचत २४ लिटरवर येते आणि शहरातला तोटा ३३ चा तसाच राहतो. एसयूव्ही पुढे जाते. या आकड्यांत उलथापालथ होते ती साधारण ६७० किलोमीटरला. म्हणजे पुण्याहून सगळ्यांनी मिळून कोकणात एक फेरी, आणि वर एखादं लग्न. तुमच्या घरात तेवढंही एकत्र जाणं होत नसेल, तर तिसरी रांग तुम्ही वर्षभर रिकामीच वाहून नेणार.

भाड्याच्या गाडीचा पर्याय असेल तर तिथे लिटरऐवजी सरळ रुपये धरा. सात जणांची फेरी वर्षातून एकदाच असेल, तर त्या वेळी सातसीटर भाड्याने घेणं आणि एरवी छोटी गाडी चालवणं बहुधा स्वस्त पडतं. गर्दीच्या हंगामात, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, भाडी चढतात आणि गाड्या मिळत नाहीत, तेवढं मात्र आधीच बघून ठेवा.

मोठ्या गाड्यांच्या गटात हिशेबाची पद्धत हीच, पण फरक मोठे निघतात, म्हणून तिथे मोजणी जास्त काटेकोर करावी. दोन टनांच्या आसपासची डिझेल ऑटोमॅटिक एसयूव्ही शहरात १० देते की ११, यावर वर्षाच्या ९,००० किलोमीटरला ८२ लिटर ठरतात. त्या तुलनेत हायब्रीड एमपीव्हीची किंमत जास्त असली, तरी शहरातलं रोजचं अंतर मोठं असेल तर ती कशी वसूल होते ते वहीच दाखवते. रोज दहा किलोमीटरच चालवत असाल तर वसूल होत नाही, हेही तीच दाखवते.

मोजणी गाडी घेतल्यावर थांबवू नका. पहिले हजार-दोन हजार किलोमीटर सोडून द्या, इंजिन आणि टायर रुळायला तेवढे लागतात. मग तीन टाक्या उन्हाळ्यात आणि तीन पावसाळ्यात मोजा. पुढे कधी टायर बदलले, कॅरियर बसवला किंवा घर बदलून रोजचा रस्ता बदलला, तर नवीन पान सुरू करा. जुन्या पानावरचे आकडे त्यात मिसळू नका.